तिसऱ्या अंकाला उशीर का झाला

राजमान्य राजेश्री राजे यांस,

विंगेतल्या माणसाचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. हल्ली मी कायमचाच वाकलेला असतो, त्यामुळे समोर येईल त्याला आपोआप नमस्कार घडतो. परवा विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाला घडला, तर तो ओशाळून मलाच उलट नमस्कार करून आकडा न घेता निघून गेला.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? तुझ्या आवाजाची चौकशी करत नाही. तुझं बाकी सगळं थकेल तेव्हाही तो एकटा उठून फिरायला जाईल. अक्षर फार बारीक वाटलं तर भिंग घे. या कंपवाताच्या आजारात अक्षर ओळीच्या सुरुवातीला मुंगळ्याएवढं असतं आणि शेवटाला मुंगीएवढं होतं, त्याला माझा इलाज नाही. जिथे वाचता येणार नाही तिथे तुझी स्तुती केली आहे असं समज, म्हणजे तुझं काही अडणार नाही.

तुझं पत्र येऊन अडीच महिने झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. मोड. पण आधी ऐकून घे. तू लिहिलंस की आपलं जुनं नाटक एका नव्या मंडळाला करायचंय, पहिले दोन अंक तुझ्या ट्रंकेत सापडले, तिसरा अंक मंडळाच्या खोलीचं छप्पर गळून लगदा झाला, लिहिणारे मास्तर तर कधीच गेले, तेव्हा तिसरा अंक तुझ्या डोक्यात आहेच, तेवढा उतरवून पाठव. तेवढा! तिसरा अंक म्हणजे काय दोरीवरचा टॉवेल आहे, हात वर केला की आला? पण खरं सांगतो, पत्र वाचून मी दिवसभर घरात एकटाच हसत होतो. त्या नाटकाच्या दोनशे बारा प्रयोगांना तू राजा होतास आणि मी, एक प्रयोग सोडला तर, विंगेत वही धरून होतो, आणि इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी लेखी काही मागितलं नव्हतं. नाटकाच्या निरोपाच्या समारंभात तू वीस मिनिटं बोललास. कपडेपटवाल्याचे, ट्रकच्या ड्रायव्हरचे, चहावाल्याचेसुद्धा आभार मानलेस आणि प्रॉम्प्टरचं नाव घ्यायला विसरलास. (मी तिथेच पडद्यामागे उभा होतो. सवयीने माझं नाव पुटपुटलोही. पण त्या दिवशी माइक होता, तुला ऐकू गेलं नसेल.) असो. झालं ते झालं.

त्याच दुपारी मी नवी वही घेऊन बसलो. आता माझं दुखणं तुला नीट सांगायला हवं, कारण तू दर फोनला 'हात कसा आहे' एवढंच विचारतोस आणि मी 'हलतोय' एवढंच सांगतो. मला दोन गोळ्या आहेत. एक पिवळी, दिवसातून चार वेळा, अगदी घड्याळ लावून. तिच्या जिवावर मी चालतो. ती घ्यायला उशीर झाला की पाय दारातच रुततात, मागून कुणी 'पुढे व्हा' म्हणालं तरी होता येत नाही. दुसरी छोटी पांढरी, ती फक्त थरथर कमी करायला, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. तर त्या दुपारी पेन असं नाचलं की 'अंक तिसरा' हे दोन शब्द बघून सूनबाईने विचारलं, बाबा, हे कसलं चित्र? मला फार लाज वाटली. जन्मात पहिल्यांदा राजेसाहेबांनी काही मागितलंय आणि ते असल्या अक्षरात पाठवायचं? म्हणून मी कुणालाही न विचारता एका पांढरीच्या जागी दोन घ्यायला लागलो. स्वतःच्या अक्कलहुशारीने. ती हुशारी त्यानंतर बरेच दिवस परत आली नाही.

आठवड्याभरात हात असा शांत झाला की काय सांगू. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. आणि लिहायला काही नाही! बाराव्या दिवशी सूनबाईने वही चाळली, तर पहिलं पान अकरा वेळा लिहिलेलं, दर वेळी नव्या उत्साहाने, दर वेळी शीर्षकाखाली दुहेरी रेघ. राजा मुकुट काढून चौरंगावर ठेवतो, दाराशी जातो, द्वारपालाकडे वळतो आणि म्हणतो, 'दार लावू नकोस. मी परत येईन म्हणून नव्हे, तर' आणि तिथून पुढे कोरं. अकराही वेळा तिथेच. शिवाय तोंडाला सतत कोरड, त्यामुळे पाणी प्यायला उठायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन आपण का आलो याचा विचार करत उभं राहायचं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला. छत्री माझ्या पलंगावर पांघरूण घालून निजवलेली सापडली. सूनबाईला मी तीन वेळा 'महाराणी' म्हणून हाक मारली. पहिल्यांदा तिला ती आवडली, तिसऱ्यांदा ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. (ती साबणाच्या कारखान्यात वड्यांचा दर्जा तपासते. शंभरातली एक वाकडी वडी तिच्या नजरेतून सुटत नाही, मी कुठे सुटणार?) तिने गोळ्यांचा डबा उलटा करून मोजला, तारखेशी ताळा घातला, आणि डबा आपल्या कपाटात नेऊन कुलूप लावलं. चिरंजीव नोकरीपायी बाहेरगावी असतो, त्याला फोन झाला. त्याने तिथून माझी जी हजेरी घेतली ती मी त्याच्या लहानपणी घेत होतो तीच, शब्दनशब्द. ती मात्र मला सगळी आठवत होती.

चष्म्याचं मला काही वाटलं नाही रे. चष्मा काय, सापडतो. पण तिसरा अंक! तुला माझी ती तीन पायांच्या स्टुलाची जागा आठवते का? डाव्या विंगेत, धुळीने भरलेल्या काळ्या पडद्याला पाठ लावून, बॅटरीवर लाल कागद बांधून मी बसायचो, आणि तू एन्ट्रीच्या आधी माझ्याशेजारी उभा राहून नखांतला रंग काढत असायचास. दिवसभर रंगाच्या दुकानात डबे ढवळणारा राजा! एका गावी तर तू हिरव्या अंगठ्याने राज्यत्याग केलास आणि पहिल्या रांगेतल्या बाई पाचूची अंगठी समजून बघत राहिल्या. ट्रकमध्ये सिंहासनावर बसायची पाळी लावायचो आपण. तू झोपलास की मी तुझ्या पाळीतला अर्धा तास खायचो, हे आज सांगून टाकतो. काय दिवस होते! पाठीला ट्रकचे दणके, पोटात नुसता चहा, सकाळी मला विमा कचेरीत फायली आणि तुला डबे, तरी कुणी कुरकुरलं नाही. (तू कुरकुरायचास. पण आता तेही गोड वाटतं.)

आणि आपल्या कामाची अक्कल मला कुणी शिकवली नव्हती, ती बघून बघून आली. प्रॉम्प्टरने नटाच्या तोंडाकडे बघायचंच नसतं. तोंड खोटं बोलतं, ते त्याचं कामच आहे. बघायची टाच. मुद्दाम थांबलेल्या नटाचा भार चवड्यावर असतो, टाच बोटभर उचललेली. त्याला पुढचं वाक्य माहीत असतं, तो फक्त लोकांना ताटकळत ठेवतो. खरोखर अडलेल्या नटाची टाच मात्र खाली येते, जमिनीला चिकटते. मग द्यायचे पहिले दोन शब्द, जास्त नाही, आणि असे की त्याला ऐकू जावेत आणि पहिल्या रांगेला नाही. हे मी तीस वर्षं केलं. ही सवय अंगात इतकी मुरलेली असेल याची मला कल्पना नव्हती, आणि तिच्यापायीच दवाखान्यात पुढचा घोटाळा झाला.

सूनबाई मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिसरा मजला, लिफ्ट बंद, मी जिन्यात दोनदा रुतलो. वर गेल्यावर कळलं की आज स्मरणशक्तीची चाचणी आहे आणि ती घेणारी मुलगी आतल्या छोट्या खोलीत आहे. खोलीला दार नाही. हिरवा पडदा, कड्यांवर सरकणारा, जमिनीपासून वीतभर वर. आणि मला नेमकी त्या पडद्याला लागून खुर्ची दिली. आता तूच सांग, यात माझी काय चूक? आत एक निवृत्त स्टेशनमास्तर बसले होते. त्यांना त्या मुलीने पाच शब्द सांगितले, मग इकडचं तिकडचं विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि म्हणाली, आता ते पाच शब्द सांगा. स्टेशनमास्तर म्हणाले, खुर्ची. मग म्हणाले, पाऊस. मग गप्प. मी पडद्याखालून बघितलं. इतका वेळ त्यांचा बूट ताल धरून हलत होता, तो थांबला, मागे सरकला आणि टाच जमिनीला चिकटली. राजे, मी काहीही ठरवलं नाही. माझं तोंड आपोआप पडद्याच्या फटीशी गेलं आणि 'लिंबू' बाहेर पडलं. ते म्हणाले, लिंबू. पुन्हा टाच. मी म्हटलं, गाडी. पुन्हा टाच. निळा. पाचपैकी पाच! बाहेर त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, अहो, यांना सकाळी दाढी केली की नाही ते आठवत नाही. मला तर इतका आनंद झाला की मी जवळजवळ टाळ्या वाजवणार होतो. सूनबाई तेव्हा कागद भरायला खिडकीशी गेली होती, ती असती तर हे झालं नसतं.

मग माझी पाळी. त्या मुलीने मला तेच पाच शब्द सांगितले. मी मनात म्हटलं, पोरी, हा पेपर फुटलेला आहे. शंभरातून सात वजा केले. प्राण्यांची नावं सांगा म्हणाली, ती सांगितली, त्यात एकदा चुकून द्वारपाल सांगितला. आणि मग म्हणाली, आजोबा, ते पाच शब्द? आणि काही नाही. एक शब्द नाही. खुर्चीवर बसलो होतो आणि खुर्ची आठवत नव्हती. मी माझ्या पायांकडे बघितलं. दोन्ही टाचा जमिनीला चिकटलेल्या, आणि विंगेत कुणी नाही. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. हात हलतो त्याची नाही वाटली कधी, पाय रुततात त्याचीही नाही. पण त्या खोलीत मी अगदी रडकुंडीला आलो, आणि ती मुलगी इतकी चांगली की तिने पेन्सिलीला टोक काढायचं निमित्त करून मला वेळ दिला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. स्टेशनमास्तरांचे पूर्ण मार्क बघून त्यांना संशय आला होता, आणि त्या मुलीने माझा आवाज ओळखला होता. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली. (स्टेशनमास्तरांना परत बोलावून दुसरे पाच शब्द दिले गेले. त्यांची बायको माझ्याकडे बघेना, आणि ते बरोबरच होतं.) मला वाटलं, आता बाई बोल लावतील. त्या मात्र माझ्यासमोर बसल्या आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, खुर्ची, पाऊस, आणि थांबल्या. कपाळाला आठ्या घालून खरोखर अडल्यासारख्या थांबल्या. माझ्या तोंडून 'लिंबू' गेलं. मला ते ठाऊक आहे हे मला कळायच्या आधी गेलं! मग गाडी, मग निळा. बाई हसल्या. त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगतो. आठवण पुसली गेली असती तर आधार देऊनही आली नसती. आधार दिल्यावर येते, म्हणजे ती आत आहे, बाहेर यायची वाट अडली आहे. आणि वाट अडवण्यात त्या छोट्या पांढरीचा हात असू शकतो. या वयात ती हात शांत करते पण डोकंही शांत करते, आणि मी तर दुप्पट घेत होतो. ती एकदम बंद करायची नाही, सहा आठवड्यांत हळूहळू कमी करायची. थरथर वाढेल. डोकं किती मोकळं होईल ते आत्ता सांगता येत नाही, कारण काही गोळीचं असेल आणि काही आजाराचंच. मी विचारलं, तिसरा अंक कशात मोडतो? त्या म्हणाल्या, गोळी उतरल्यावर कळेल.

त्याला आज पाच आठवडे झाले. हाताचं विचारशील तर कप आता अर्धाच भरून देतात, आणि हे पत्र नववा दिवस चाललंय. पिवळीनंतरचा तासभर बरा जातो तेवढ्यात लिहितो. पण डोक्यात हळूहळू उजाडतंय. छत्री छत्रीच्या जागी आहे. सूनबाई पुन्हा सूनबाई झाली. (परवा तिनेच विचारलं, महाराणी म्हणणं अगदीच बंद का?) दुसरा अंक सगळा आला. ट्रकचा नंबर आला. तुझ्या पहिल्या अंगरख्याच्या बाहीला किती टिकल्या होत्या तेही आलं. तिसऱ्या अंकातही द्वारपालाची वाक्यं आली, शेवटचा पडदा आला, फक्त तुझं ते भाषण 'तर'पाशी येऊन थांबतं. आणि त्या भाषणावाचून अंक म्हणजे नुसतं दार. आता दर सकाळी उठलो की आधी 'मी परत येईन म्हणून नव्हे, तर' असं म्हणून बघतो आणि वाट बघत बसतो. एक आठवडा उरलाय. गोळीचं होतं की आजाराचं, ते तेव्हा ठरेल, आणि मला खरंच धास्ती वाटते राजे. तीस वर्षं मी जगलो ते त्या वहीवर. ते गेलं तर मी विंगेत काय करत होतो, असा प्रश्न पडतो.

पण तू काळजी करू नकोस. नव्या मंडळाला सांग, तिसरा अंक पंधरा दिवसांत टपालाने येतो. तू इकडे यायची मुळीच तसदी घेऊ नकोस. तुझे गुडघे, आमचा जिना, आणि सूनबाईला तुझ्या आवाजाची सवय नाही. वहिनींना नमस्कार. नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
डावी विंग

ता. क. तुझी तिसऱ्या अंकातली दाढी माझ्याकडे आहे. तू बावीस वर्षं कपडेपटवाल्यावर चोरीचा आळ घेतलास, तो मागे घे.

ता. क. दुसरा. वर पंधरा दिवसांचं लिहिलंय ते खोटं आहे. टपालाने काही येणार नाही. मी सूनबाईला तुझं भाषण वाचायला लावलं आणि 'तर'ला अडखळ म्हणून सांगितलं. बिचारी जीव तोडून अडखळली. पण ती अडली नव्हती, माझी वाट बघत होती, आणि मला काही सुचलं नाही. दुसरा कुणीतरी अडला की मला आठवतं, आणि या भाषणात दर प्रयोगाला 'तर'पाशी अडणारा माणूस जगात एकच आहे, तू. तेव्हा ये. गुडघे घेऊन ये. खालच्या मजल्यांवरच्या शेजाऱ्यांकडे खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत, दर मजल्याला बसत बसत वर ये. सूनबाई म्हणते, आवाजाची सवय करून घेईन.

ता. क. तिसरा, आणि हा वहिनींना वाचून दाखवू नकोस. एकशे चाळिसाव्या प्रयोगाला मी तापाने घरी होतो आणि माझ्या जागी हिशेबनीस वही घेऊन बसला होता. त्या दिवशी तू 'तर'ला थांबलाच नाहीस, सबंध भाषण एका दमात म्हणालास, हे मला कपडेपटवाल्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मी रागावलो होतो. म्हटलं, येतंय तर माझ्यासमोर का अडतो हा? पुढल्या प्रयोगाला तू पुन्हा 'तर'पाशी थांबलास आणि मी खाली बघितलं. टाच उचललेली होती, राजे. बोटभर. मग तो प्रयोग धरून उरलेले बहात्तर प्रयोग मी ती बघत होतो, दर वेळी उचललेली, आणि दर वेळी मी तुला शब्द दिले आणि तू ते घेतलेस. समारंभात माझं नाव राहिलं ते म्हणूनच मी मनाला लावून घेतलं नाही. तेव्हा तुला ते भाषण सगळं पाठ आहे हे मला माहीत आहे, आणि तू ते सरळ कागदावर लिहून त्या मंडळाला देऊ शकला असतास. माझ्याकडे का मागितलंस तेही कळतं. पण आता सांगू नकोस, एक शब्दही सांगू नकोस. वर ये, दम खा, दाराशी उभा राहा, नेहमीसारखा 'तर'ला थांब. पुढचं मी बघतो.